विद्यापीठात कॉम्प्युटर अडला तर नेमकं कुणाला गाठायचं?

"सर, नेट चालंना गेलंय."

विद्यापीठाच्या संगणक विभागात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य बहुधा हेच असेल. सांगणाऱ्याच्या दृष्टीनं ते पुरेसं आहे: समोर चकरी फिरतेय, परीक्षा अर्जाची मुदत आज संपतेय, अन् गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला आहे. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. वायफाय जोडलंच जात नाही, की जोडलं जातं पण पान उघडत नाही? की सगळं उघडतं, फक्त विद्यापीठाचं पोर्टल उघडत नाही? की पोर्टलही उघडतं आणि ओटीपी येत नाही? या चारही अडचणींना आपण 'नेट चालत नाही' म्हणतो, आणि चारही दुरुस्त करणारी माणसं वेगवेगळी असतात. त्यातलं एखादं तर त्या शहरातही नसतं.

नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी तोटी बघतो, मग गच्चीवरची टाकी, मग शेजारी विचारतो. तिथंही कोरडं असेल तरच जायकवाडीच्या पाइपलाइनचं नाव घेतो. कॉम्प्युटर अडला की मात्र थेट जायकवाडीलाच शिव्या: "सर्व्हर डाऊन आहे." बऱ्याचदा बिघाड तोटीतच निघतो.

कोण कुठे बसतं

छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ 1958 सालचं. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्याकडे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 सालचं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याकडे. म्हणजे विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाच्या परिसरात शिकतच नाहीत. ते केज, भूम, किनवट, सेनगाव अशा ठिकाणच्या संलग्न कॉलेजांत असतात. मदत मागताना इथूनच घोळ सुरू होतो.

परीक्षेच्या पोर्टलवर साधारणपणे विद्यार्थ्याचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं असं तीन पातळ्यांवरचं लॉगिन असतं. तुम्ही अर्ज भरला तरी कॉलेजनं तो आपल्या लॉगिनमधून पुढे ढकलल्याशिवाय, म्हणजे ऑफिसातल्या भाषेत 'इनवर्ड' केल्याशिवाय, तो विद्यापीठापर्यंत पोचत नाही. फोटो उलटा चढला, विषय चुकला, अर्ज 'पेंडिंग' दिसतोय, अशा तक्रारींची चावी बहुतेक वेळा कॉलेजच्या क्लार्ककडे असते. हॉलतिकीट का येईना हे विचारायला किनवटहून नांदेड गाठायचं आणि उत्तर मिळायचं, "कॉलेजनं इनवर्डच केलं नाही." म्हणून आधी कॉलेजचं ऑफिस.

परिसरातल्या विद्यार्थ्यांसाठी संगणक विभाग असतो. नाव जागोजागी वेगळं. संभाजीनगरच्या विद्यापीठात त्याला 'युनिक' म्हणतात. नेटवर्क, वायफायची खाती, विद्यापीठाची वेबसाइट आणि ईमेल हे त्यांचं काम. परीक्षा अर्ज, निकाल, गुणपत्रक हे परीक्षा विभागाचं, आणि तिथलं सॉफ्टवेअर पुष्कळदा बाहेरच्या कंपनीनं चालवलेलं असतं. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या यंत्रणेतून येते. प्रयोगशाळेतला बंद पडलेला पीसी एएमसीवाल्याचा, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेल्या दुकानदाराचा. संगणक विभागातला माणूस "आमच्याकडं येत नाही" म्हणतो तेव्हा तो दरवेळी टाळतच असतो असं नाही. त्याच्याकडे खरंच तो अधिकार नसतो. पण कुणाकडे जायचं हे न सांगता नुसतं हात वर करणं, हे मात्र टाळणंच आहे.

वायफाय: दांड्या फुल, नेट गुल

मोबाइलवर वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. यात गूढ काही नाही. त्या दांड्या फक्त तुमचा मोबाइल आणि छतावरचा पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, यांच्यातली रेंज सांगतात. डब्यापासून पुढचा रस्ता त्या मोजत नाहीत. डब्यातून तार जाते मजल्यावरच्या नेटवर्क स्विचकडे, म्हणजे अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या यंत्राकडे, तिथून फायबरनं सर्व्हर रूमकडे, मग फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणारं सगळं तपासणारा पहारेकरी, आणि तिथून बाहेरच्या जोडणीवर. देशातल्या अनेक विद्यापीठांत ही जोडणी नॅशनल नॉलेज नेटवर्कची असते. उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना एकमेकींशी जोडणाऱ्या या वेगवान जाळ्याला 2010 मध्ये मंजुरी मिळाली.

लाइट गेली की काय होतं ते पाहा. सर्व्हर रूमला जनरेटर असतो. पण विभागाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत जो स्विच असतो, त्याच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते. मग एकाच मजल्याचं नेट जातं आणि खालच्या मजल्यावर सुरळीत चालू असतं. म्हणून तक्रार करण्याआधी शेजारच्याला विचारा आणि जिन्यानं एक मजला खाली जाऊन बघा. या दोन मिनिटांत शोध अर्धा संपतो.

लॅपटॉपवर अजून एक गोष्ट बघता येते. नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता मिळतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये, प्रॉपर्टीजखाली तो दिसतो. विद्यापीठाच्या आतला पत्ता बहुधा 10, 172 किंवा 192.168 ने सुरू होतो. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर पत्ता वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत तुमचा लॅपटॉप पोचलेलाच नाही. कंटाळून त्यानं स्वतःलाच एक तात्पुरता पत्ता दिला आहे. हा एक आकडा तक्रारीत लिहिला की नेटवर्क इंजिनिअरला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं. "रीस्टार्ट केलं का?" हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. रीस्टार्ट केल्यावर यंत्र नव्यानं पत्ता मागतं, अडकलेले प्रोग्रॅम सुटतात. प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण पुष्कळदा उत्तर तेच असतं.

काही विद्यापीठांत तुमचा मोबाइल त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकावरून, नोंदवून घेतात. इथे नव्या फोनांची एक खोड आडवी येते. अँड्रॉइड 10 आणि आयफोनच्या आयओएस 14 पासून फोन आपला खरा क्रमांक लपवून वेगवेगळ्या नेटवर्कला वेगवेगळा बनावट क्रमांक दाखवतो. खासगीपणासाठी ही सोय चांगलीच आहे. पण नोंदवलेला क्रमांक एक आणि दाखवलेला दुसरा असला की विद्यापीठाचं नेटवर्क तुम्हाला ओळखत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडमाइझ्ड' किंवा 'प्रायव्हेट' ॲड्रेसचा पर्याय असतो. तो फक्त विद्यापीठाच्या वायफायपुरता बंद करा.

आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या पीसीचं एक खास दुखणं. लाइट जाऊन आली की कुठलीही वेबसाइट उघडताना 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असा इशारा येतो. पोरं म्हणतात व्हायरस आला. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तारीख बघा: पाच-दहा वर्षं मागची असेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा, 3 व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की पीसी जुन्या काळात जाऊन बसतो, आणि वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसल्यानं ब्राउझर अडून बसतो. तारीख दुरुस्त केली की त्या दिवसापुरतं भागतं. सेल बदलला की कायमचं. त्यासाठी पूर्ण मशीन 'कंडम' ठरवायची गरज नसते.

पोर्टल, पैसे आणि ओटीपी

पोर्टलवर एखादा तीन आकडी क्रमांक आला तर तो घालवू नका. 4 ने सुरू होणारा, म्हणजे 404 किंवा 403, याचा अर्थ साधारण असा की तुम्ही मागितलेलं पान तिथं नाही किंवा ते बघायची तुम्हाला परवानगी नाही. पत्ता तपासा, पुन्हा लॉगिन करा. 5 ने सुरू होणारा, 500, 502, 503, 504, म्हणजे गडबड पलीकडे आहे. शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा एकदम अर्ज भरायला बसतो तेव्हा 503 आणि 504 हमखास भेटतात. तिथं तुमचा मोबाइल बदलून, ब्राउझर बदलून काही होत नाही. स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा, आणि तासाभरानं बघा. मुदत उलटली तर तोच स्क्रीनशॉट उपयोगी पडतो.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआय किंवा कार्डानं ऑनलाइन भरणा करताना खात्यातून रक्कम गेली पण घेणाऱ्याकडे नोंद झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. विद्यापीठात जाताना 'पैसे कटले' एवढंच सांगू नका. यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि पीआरएन, म्हणजे विद्यापीठानं दिलेला तुमचा कायम नोंदणी क्रमांक, हे एका कागदावर लिहून न्या.

आता ओटीपी. इथं मला जरा रागानंच लिहावं लागतं. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे अर्ज गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा मल्टीसर्व्हिसेसमध्ये भरले जातात. घाईत दुकानदार स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्डही तोच ठरवतो. दोन वर्षांनी विद्यार्थी पासवर्ड विसरतो, आणि ओटीपी जातो त्या दुकानदाराकडे. दुकान तोवर बंद झालेलं, नाहीतर नंबर बदललेला. दुसरा प्रकार म्हणजे रिचार्जच्या ऑफरपायी सिम बदललेलं असतं. यावर विद्यापीठातला कुणीही बटण दाबून मार्ग काढू शकत नाही, कारण नंबर बदलून द्या म्हणणारा खरंच तोच विद्यार्थी आहे याची खात्री करावी लागते. ओळखपत्र, आधार आणि लेखी अर्ज लागतोच. पहिल्या वर्षाचा अर्ज भरतानाच नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकायचा, आणि तो ईमेल स्वतःच्या मोबाइलवर स्वतः उघडायचा. दुकानदाराला भीड घालून नव्हे, हक्कानं सांगा.

नावाचाही घोळ इथंच. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आडनाव शेवटी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'विठ्ठल'ला कुठं एक टी, कुठं दोन, आणि 'ज्ञानेश्वर' तर जितकी कागदपत्रं तितक्या प्रकारे लिहिलेला. डिजीलॉकरमधून शैक्षणिक क्रेडिटचं खातं, म्हणजे एबीसी किंवा अपार आयडी, काढताना कॉम्प्युटर नाव, जन्मतारीख हे आधारशी जुळवून बघतो, आणि त्याला 'तोच मुलगा आहे हो' हे कळत नाही. 'मिसमॅच' आला तर आधी ठरवा की चूक कुठल्या कागदावर आहे. आधारवर असेल तर आधार केंद्र, विद्यापीठाच्या नोंदीत असेल तर कॉलेजमार्फत अर्ज. दोन्हीकडे एकदम बदल करायला गेलात तर पुन्हा दोन्ही वेगळे होतील.

महाडीबीटीवर 'मंजूर' दिसतंय आणि खात्यात पैसे नाहीत, तर संगणक विभागाच्या दारात उभं राहून उपयोग नाही. आधारमार्फत येणारी रक्कम ज्या बँकेशी तुमचं आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, त्या खात्यात जाते. मध्ये कधीतरी दुसरं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेत का ते बघा. जोडणी कुठली आहे ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. बदल बँकेमार्फत होतो.

संशोधकांसाठी दोन गोष्टी

1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं त्यातून वाचता येतात. काम बघते गांधीनगरची इन्फ्लिबनेट संस्था. तक्रार ठरलेली: "विभागात उघडतंय, खोलीवर पैसे मागतंय." कारण सोपं आहे. प्रकाशक तुम्हाला नावानं ओळखत नाही, विद्यापीठाच्या नेटवर्कच्या आयपीवरून ओळखतो. विभागात बसूनही मोबाइलचा डेटा वापरत असाल तर त्याच्या लेखी तुम्ही बाहेरचेच. खोलीवरून वाचायचं तर इन्फेडचं, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या बाहेरून प्रवेश देणाऱ्या सेवेचं, लॉगिन लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातून मिळतं. म्हणजे ही अडचण ग्रंथपालांकडे न्यायची.

दुसरी गोष्ट मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त देवनागरीचा चेहरा असतो. त्यामुळे वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर त्यातलं मराठी वाचू शकत नाही, आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवलेल्या प्रबंधात एक शब्दही शोधून सापडत नाही. फॉन्टचं नाव बदलून हे सुटत नाही. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावं लागतं, आणि मग जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. टाइपिंगवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा: युनिकोडमध्येच पाहिजे. चारशे पानांनंतर सांगितलं तर तो दुसरं बिल लावेल, आणि लावूच देत.

पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील तर फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट मारू नका, आधी जाणकाराला दाखवा.

तक्रार कशी लिहायची

मदत केंद्राची पायरी पायरीनं रचना असते. पहिल्या पायरीवरचा मुलगा ठरलेले प्रश्न विचारतो, दुसऱ्या पायरीवर इंजिनिअर असतो, तिसऱ्यावर बाहेरची कंपनी. पहिल्या पायरीवर नीट माहिती नोंदवली गेली नाही तर तक्रार दुसरीवरून परत येते, आणि तुमचे दोन दिवस जातात. म्हणून अशी लिहा:

"रसायनशास्त्र विभाग, पहिला मजला, संशोधन कक्ष. आज सकाळी 10.40 पासून लॅपटॉप विद्यापीठाच्या वायफायला जोडला जातो, पण लॉगिनचं पान उघडत नाही. आयपी 169.254 ने सुरू होतो. रीस्टार्ट केलं, फरक नाही. शेजारच्या दोन लॅपटॉपवरही हेच. तळमजल्यावर वायफाय चालू आहे. काल संध्याकाळपर्यंत नीट होतं. रात्री लाइट गेली होती. स्क्रीनशॉट जोडला आहे."

हे वाचणारा इंजिनिअर तुमच्या लॅपटॉपकडे बघणारच नाही, थेट पहिल्या मजल्यावरच्या स्विचकडे जाईल. 'नेट बंद आहे, त्वरित दुरुस्त करावे ही विनंती' या अर्जावर मात्र तो आधी तुम्हाला फोन करेल, तुम्ही तासाला बसलेले असाल, आणि तक्रारीवर शेरा पडेल: संपर्क झाला नाही.

फोनवर सांगितलेली तक्रार बऱ्याचदा हवेत विरते. ईमेल करा किंवा पोर्टलवर नोंदवा आणि टिकिट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. काम न होताच 'निराकरण झाले' असा मेल आला तर गप्प बसू नका. त्याच मेलला उत्तर देऊन तक्रार पुन्हा उघडायला सांगा. नवी तक्रार टाकलीत तर रांगेत पुन्हा शेवटी.

एक गोष्ट पक्की: मदत करणाऱ्या खऱ्या माणसाला तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीच लागत नाही. "विद्यापीठातून बोलतोय, शिष्यवृत्ती अडकलीय, एनीडेस्क टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. अशा ॲपनं स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची वेळ आलीच, तर तुम्ही स्वतः नोंदवलेल्या तक्रारीसाठी, विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या नंबरला स्वतः फोन लावून. पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवायची संधी पहिल्या काही तासांतच असते.

आणि आठवडे उलटूनही कुणी दाद देत नसेल, नुकसान परीक्षेचं किंवा निकालाचं होत असेल, तर प्रश्न तांत्रिक राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिनं शक्यतो कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. या अर्जाला टिकिट नंबर, तारखा दिसणारे स्क्रीनशॉट आणि आलेल्या सगळ्या मेलच्या प्रती जोडा, अर्ज दोन प्रतींत न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या.